बापाविना वाढणारं घराणं

जपानच्या अगदी दक्षिणेला, तैवानजवळ, इरिओमोते नावाचं बेट आहे. बेटाचा बहुतेक भाग दमट, गच्च जंगलाखाली. इथल्या कुजक्या ओंडक्याच्या सालीखाली राहतो लायोकेलिस ऑस्ट्रलेसिए. पुरता वाढला तरी जेमतेम 3 सेंटिमीटरचा विंचू.

अंग बघा, किती चपटं! साल आणि लाकूड यांच्यामधल्या अरुंद फटीत तो सहज सरकतो. पुढचे चिमटे दणकट, शेपटी मात्र बारीक. कोकणातल्या तांबड्या विंचवाची दहशत आणि महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन वाचवलेले रुग्ण आपल्याला ठाऊक आहेत. त्या विंचवाचं बळ नांगीत असतं, याचं चिमट्यांत. याच्या विषानं किडे मरतात, माणसाला मात्र धोका नाही.

शिकारीसाठी तो फारसा हिंडत नाही. फटीच्या तोंडाशी दबा धरून बसतो. चिमट्यांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात. किडा टप्प्यात आला की झडप! मग पाचकरस सोडून भक्ष्याचा लगदा करायचा आणि तो शोषून घ्यायचा.

पण या विंचवाची खरी कमाल आहे ती मादीची. इथल्या मादीला पिल्लांसाठी नर लागतच नाही. अगदी लहानपणापासून एकटी ठेवलेली मादीही गाभण राहते, हे तोशिकी माकिओका या संशोधकानं 1993 साली मांडलं. अंड्यात बलक जवळजवळ नसतोच. प्रत्येक गर्भ आईच्या पोटात आपापल्या पिशवीत वाढतो आणि तिच्या ऊतींचं टोक तोंडात धरून पोषण घेतो. बाळाला पोटातच पाजणारी ही आई! विंचवासारख्या जिवात हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

जन्मलेली पांढुरकी पिल्लं आईच्या पाठीवर चढतात. पहिली कात टाकेपर्यंत ती खाली उतरत नाहीत. तोवर हे बिऱ्हाड घेऊनच तिला वावरावं लागतं.

या जातीचा पसारा दक्षिण आशियापासून थेट पॅसिफिकच्या बेटांपर्यंत आहे. काही ठिकाणी नरही सापडतात. पण जिथे नराची गरजच उरलेली नाही, तिथे एखादी गाभण मादी लाकडाबरोबर वाहत नव्या किनाऱ्याला लागली, तरी तेवढ्यावर नवी वस्ती उभी राहू शकते.