सहा लाखांची पद्मिनी: पॉलिशखाली काय आहे?

(दृश्य: कुर्ल्यातल्या एका गॅरेजबाहेर उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. कॅमेरा बंपरवरून मागच्या काचेकडे.)

रंग आकाशी. बंपरला नवं क्रोम, सीटला पांढऱ्या पायपिंगचं कोरं रेक्झिन, डॅशबोर्डवर गणपती. मॉडेल १९९४. मागच्या काचेला आतून चिकटवलेला कागद सांगतो: 'विंटेज पद्मिनी. फुल रिस्टोअर. सहा लाख फिक्स.'

या कागदावरचा प्रत्येक शब्द तपासून घ्यायला हवा. 'फिक्स'सुद्धा.

पहिला शब्द लगेच निकालात निघतो. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, आणि मूळ रूपात मोठा फेरफार न केलेली गाडीच विंटेज. अशा गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये. म्हणजे अगदी पहिल्या पद्मिन्या आत्ता कुठे या नियमात बसायला लागल्यात. १९९४ ची गाडी ही नुसती जुनी गाडी. त्यात कमीपणा काही नाही, पण विंटेजचा भाव तिला लावायचा नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कारखाना, मरीन ड्राइव्ह, फियाटची रांग.)

वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली १९४४ मध्ये. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटची ११०० निघू लागली. पुढची दारं उलटी उघडणारी ती गोलमटोल गाडी म्हणजे लोकांची डुक्कर फियाट. मग तिच्यातूनच डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगला हँडल गिअर. त्या काळात गाडीचा भाव सरकार ठरवायचं. कंपन्या त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि थांबायचं नसेल तर 'ऑन', म्हणजे ठरलेल्या भावावर जादा पैसे, मोजायचे. आज कागदावर कुठला आकडा लिहायचा, ते मालकाच्या मनावर.

(दृश्य: गाडीखाली सरकलेला मिस्त्री. टॉर्चचा उजेड.)

ठाण्याहून आलेले काका गाडीभोवती दोन फेऱ्या मारतात. विकणारा म्हणतो, "हात फिरवून बघा काका, आरसा आहे आरसा." काकांनी सोबत आणलेला मिस्त्री मात्र रंगाकडे बघतही नाही. तो सरळ गाडीखाली शिरतो.

त्याला कारण आहे. जुन्या जीपला खाली लोखंडी चेसिस असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाट ११०० ला अशी वेगळी चेसिस नाहीच. फ्लोअरचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या आतल्या कमानी हाच सांगाडा. तो सडला की गाडीच कमजोर झाली. मुंबईत चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. रबर मॅटखाली पाणी मुरतं, पत्रा आतून फुगतो, आणि वरून काही दिसत नाही. पुण्या-सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी म्हणूनच जाणकार आधी विचारतात.

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरची मूठ फ्लोअरवर ठोकत जातो. टण, टण, टण. ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज बदलतो. ठप्प. तिथे जुन्या पत्र्यावर नवा तुकडा चिकटवलाय आणि वर काळं अंडरकोटिंग मारलंय. जॅक लावायच्या जागीही तेच. अंडरकोटिंग ताजं दिसलं की मला तरी आधी शंका येते. चांगलं काम झाकायची कुणाला घाई नसते.

आता लोहचुंबक. फडक्यात गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला चरा जात नाही. दारावर पक्कं चिकटतं. मागच्या मडगार्डवर चाकाच्या वर आणलं की घसरून पडतं. तिथे पत्रा कमी, पुट्टी जास्त. जाडी मोजायचं मीटर असेल तर हेच आकड्यांत कळतं: नीट मारलेल्या दुसऱ्या रंगाला दोन-तीनशे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) पुरतात, पुट्टीचा थर असेल तिथे आकडा हजाराच्या पुढे जातो. थोडी पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असतेच, ती दिसली म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पण बोटभर थर दोन पावसाळ्यांत तडकतो आणि खाली राहिलेला गंज पुन्हा वर येतो.

(दृश्य: अगदी जवळून, मागच्या दाराच्या वरची बिडिंग.)

आणि मग मिस्त्री दाराची रबरी बिडिंग बोटाने बाजूला करतो. "काका, इकडे या." छताच्या कडेला, बिडिंगच्या आत, नखाएवढा पिवळा रंग. डिकीच्या झाकणाच्या बिजागरीखाली काळा. छताला आतून चार जागी वेल्डिंगने बुजवलेली भोकं. तिथे कॅरिअर होतं.

मुंबईकराला यापुढे काही सांगायला नको. ही काळी-पिवळी टॅक्सी होती.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून गेली. त्या सुमाराला सगळ्यांना एकदम तिची आठवण यायला लागली आणि जाहिरातींतले आकडेही भावुक झाले. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट, असं नाही. वेळच्या वेळी ऑइल बदलणारे टॅक्सीवाले खूप होते. पण ती किती चालली असेल याचा अंदाजच करता येत नाही. जुन्या मीटरवर लाख किलोमीटर झाले की पुन्हा शून्य. तिच्यावर दिसणारे ३८,००० हे कितव्या फेरीचे, कोण सांगणार? एकाच घरात राहिलेल्या, रविवारीच बाहेर निघालेल्या गाडीच्या रांगेत तिला बसवता येत नाही.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. बघायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर तुमच्या आधीच कुणीतरी स्टार्ट करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं ते बघायला पुन्हा या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेलेत. स्टेअरिंग ढिलं असेल तर किंग पिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, बघायची. हे सगळं दुरुस्त होतं. पद्मिनीचं इंजिन करणारे हात अजून आहेत, सामान ऑपेरा हाउसला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत शोधलं तर सापडतं. सापडत नाहीत ते बारीकसारीक मूळ सुटे भाग: ग्रिल, हेडलाइटच्या रिंगा, अक्षरांचे बॅज, डॅशबोर्डवरची मूळ मीटरं. त्यामुळे रंग उडालेली पण हे सगळं जागेवर असलेली गाडी मी चकाचक गाडीपेक्षा महाग मानीन. ऐतिहासिक गाड्यांच्या 'फिव्हा' या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनदही हेच सांगते: आधी जतन, मग गरज पडली तरच नूतनीकरण. फियाट त्याच ट्युरिनची, हा योगायोग मजेशीर आहे. मोठ्या स्पर्धांतले परीक्षकसुद्धा कारखान्यातून निघाली असेल त्याहून जास्त चमकणाऱ्या गाडीचे गुण कापतात.

(दृश्य: बाकावर पसरलेली बिलं, आरसी बुक, चहाचे ग्लास.)

विकणारा बिलं काढतो. पेंट, सीट, क्रोम, टायर, मजुरी. बेरीज चार लाख वीस हजार. "वर गाडीची किंमत. सांगा आता, सहा जास्त आहेत का?"

हिशेब पटण्यासारखा वाटतो, आणि इथेच बरेच लोक फसतात. रिस्टोरेशनचा खर्च लग्नाच्या खर्चासारखा असतो, हौसेने केलेला आणि वसूल न होणारा. बाजार बिलं मोजत नाही. तशाच स्थितीतली दुसरी गाडी कितीला गेली, तेवढंच बघतो. जाहिरातीतला आकडा ही तर नुसती मागणी. चार-सहा महिने तोच फोटो, तोच आकडा फिरताना दिसला तर त्या भावाला घेणारा मिळालेला नाही, एवढा त्याचा अर्थ.

बिलांपेक्षा जास्त भाव कधीकधी मालकाच्या नावाला येतो. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये फियाट घेतली, १२,००० रुपयांना. खात्यात ७,००० होते, ५,००० पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलं. शास्त्री गेल्यावर त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. तिचा पत्रा कुणी ठोकून बघणार नाही. पण 'अमुक नटाची गाडी' म्हणून कुणी लाखभर जास्त मागितले, तर त्या नटाचं नाव आरसी बुकात दिसलं पाहिजे. नाहीतर ती नुसती गोष्ट.

इथल्या आरसीत नट नाही. इंधनाच्या रकान्यात मात्र पेट्रोलसोबत सीएनजी आहे आणि डिकीत टाकी नाही. इंजिनावर पंच केलेला नंबर आरसीतल्या नंबराशी जुळत नाही. टॅक्सीत इंजिन बदललं गेलं असेल, त्यात चोरीचं काही असेलच असं नाही. पण नोंद नसेल तर उद्या पासिंगला काका अडकणार, विकणारा नाही.

मिस्त्री बिलाच्या पाठीवर आकडे मांडतो. फ्लोअर आणि पट्ट्या कापून नव्याने, मडगार्ड, तेवढ्या भागाचा रंग, किंग पिन. लाख-सव्वा लाख. शिवाय टॅक्सीचं मूळ आणि कागदांची भानगड. काका तीन लाख सांगतात. विकणारा हसतो, उठतो, फोनवर बोलून येतो, पुन्हा बसतो. दुसरा चहा होईपर्यंत 'फिक्स' साडेचारवर आलेलं असतं.

सौदा तीन लाख साठ हजारांवर ठरतो. दहा हजार टोकन. पावतीवर काका स्वतःच्या अक्षरात लिहून घेतात: सीएनजीची नोंद काढणे आणि इंजिन नंबर चढवणे विकणाऱ्याकडे, खर्चही त्याचाच, बाकी रक्कम नवं आरसी हातात आल्यावर. महिनाभरात झालं नाही तर टोकन परत.