फवारलेलं तणनाशक जातं कुठे?

मंडळी, मागच्या रांगेतले नाना आल्या आल्या मला म्हणाले, "सर, उन्हाळामा समदी दवाई जयी जास." म्हणजे उन्हाळ्यात सगळं औषध जळून जातं. आपलं मे महिन्यातलं ऊन सोसलेल्या कुणालाही ते पटेल. पण तणनाशक मोडायचं बरंचसं काम मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ओल लागते. मार्चपासून आपलं काळं रान भाजून निघतं, वरच्या थरात ओल राहत नाही, जिवाणू निपचित पडतात. अगदी वरच्या पापुद्र्यावरचं औषध थोडंफार उन्हानं मोडतं. पण ऊन मातीत मिलिमीटरभरही धड शिरत नाही. खालचं औषध पावसाची वाट बघत तिथंच बसतं.

हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, कळलं मात्र स्वतःच्या शेतात. गिरणाकाठी आमची चार एकर आहे. एका खरिपात मक्यात ॲट्राझिन हे तणनाशक मारलं. मागून हरभरा घेऊ का, असं दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "तीन महिन्यांत खलास होतं." त्या वर्षी पाऊस ऑगस्टातच उघडला. ऑक्टोबरअखेर हरभरा पेरला. उगवण इतकी सुरेख की शेजारी बांधावर येऊन बघून गेले. बाराव्या-तेराव्या दिवशी खालची पानं कडेनं पिवळी पडली, मग कडा करपल्या, आणि ओळीच्या ओळी बसल्या. रोप उगवतं ते दाण्यातल्या शिदोरीवर. ती सरली की पानानं उन्हाच्या जोरावर अन्न करायचं, आणि ॲट्राझिन नेमकं तेच बंद पाडतं.

औषध एका दिवशी संपत नाही, निम्मं-निम्मं होत जातं. ॲट्राझिन निम्मं व्हायला साधारण 60 दिवस धरतात. म्हणजे चार महिन्यांनीही पाव हिस्सा उरतो, तोसुद्धा ओल टिकली तर.

आता ते मोडतं कसं ते बघा. या रेणूच्या मधोमध तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन एकाआड एक गुंफलेली कडी असते. एका कोपऱ्याला क्लोरीन, दुसऱ्या दोन कोपऱ्यांना शेपट्या. पाण्यानं क्लोरीन काढून तिथं हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवली की औषधातला दम गेला; उरलेला रेणू मातीला घट्ट चिकटतो. जिवाणू दुसरी वाटही धरतात. ते आधी शेपट्या तोडतात, क्लोरीन तसाच राहतो. हे तुकडे अजूनही थोडं तण मारतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. शेवटी कडीच फुटते, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. स्यूडोमोनास कुळातला एक जिवाणू तर ॲट्राझिनमधल्या नायट्रोजनवरच पोसतो. मला हे आजही नवल वाटतं.

क्लोरीन निघायचं काम आम्ल मातीत भराभर होतं. तुमचे माती तपासणीचे कागद काढून बघा, सामू (पीएच) 8 च्या आसपास सापडेल, म्हणजे आपली माती आम्ल नाही, उलट अल्कधर्मी आहे. म्हणून आपल्याकडे ते रेंगाळतं. गव्हातल्या मेटसल्फ्युरॉन या तणनाशकाचंही तसंच.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाची तऱ्हा निराळी. ते स्फुरदासारखं मातीच्या कणांना जाऊन बिलगतं. आमच्या गड्यानं एकदा पाटाचं गढूळ पाणी पंपात भरलं. आठ दिवसांनी हराळी हिरवीगार, कारण औषध पंपातच गाळाला चिकटलं होतं. पण दादा, चिकटलं म्हणजे मोडलं असं नाही. जिवाणू ते सावकाश मोडतात, आणि मागे उरणारा ॲम्पा नावाचा तुकडा मूळ औषधापेक्षा जास्त टिकतो.

सगळ्यात जास्त काळजी मला पाण्याची वाटते. उन्हाळ्यात आपल्या जमिनीच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगांतून वीतभर मातीला वळसा घालून थेट खाली उतरतं, सोबत औषधाचा उरलेला अंशही नेतं. खाली सेंद्रिय कर्ब नाही, जिवाणू विरळ, उजेड तर नाहीच. वर जे महिन्यांत मोडलं असतं ते तिथं वर्षानुवर्षं राहतं. भूजलात ॲट्राझिन लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमच्या पुढे जातं म्हणून 2004 मध्ये युरोपीय संघानं त्याची परवानगी काढून घेतली. आपल्या विहिरीचं पाणी आपली लेकरं पितात. म्हणून विहिरीजवळ पंप धुऊ नका, तिथं औषध कालवू नका.

आणि ताई, तुम्ही विचारलंत, हरभरा पेरायचा की नाही हे आधी कसं कळेल? वावरातल्या आठ-दहा जागची वरची वीतभर माती कालवून एका डब्यात भरा. दुसऱ्या डब्यात न फवारलेल्या बांधाची माती घ्या. दोन्हींत काकडीचं बी टोका, पाणी घाला, उन्हात ठेवा. तीन आठवडे रोज पानांच्या कडा बघा. वावरातल्या मातीतली काकडी पिवळी पडली, तर त्या रानात यंदा हरभरा नको, दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरा. ज्वारी ॲट्राझिन आपल्या अंगातच मोडून टाकते.