आधी खोली अंधारी केली

पालकहो, आपल्या फोटोग्राफी शिबिराच्या पहिल्या दिवशी मुलं घरी येऊन म्हणाली, "काकांनी कॅमेरा हातात दिलाच नाही." तुमच्यापैकी काहींचे त्या रात्री मला फोनही आले. आज त्याबद्दलच बोलतो.

त्या दिवशी आम्ही वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला, दाराखालच्या फटीत सतरंजी कोंबली. एका कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि गप्प बसलो. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तेवढा वेळ बसवणं सोपं नाही. मग समोरच्या भिंतीवर हळूहळू अंगणातला कडुलिंब उमटला. उलटा, हिरवागार, वाऱ्यावर हलणारा. "अरे, पेड़ उल्टा है!" एकच ओरडा झाला. घरी मराठी असली तरी आपली इंदूरची मुलं आनंदाला हिंदीतच वाट करून देतात.

उजेड सरळ रेषेत चालतो. शेंड्याकडून आलेला किरण भोकातून खाली उतरतो, बुंध्याकडचा वर चढतो, म्हणून झाड उलटं. भोक मोठं केलं तर चित्र उजळ होतं पण धूसर. बारीक केलं तर रेखीव पण अंधुक. हे मुलांनी स्वतः कागद बदलून पाहिलं. अ‍ॅपर्चर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड शिरायचं भोक, हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. पूर्वी मी हे सगळं फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि फोटो मात्र पहिल्यासारखेच काढायची.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइल दिला, पण रोज फक्त १२ फोटो आणि डिलीट करायला बंदी. जुन्या कॅमेऱ्यांच्या १२० नंबरच्या फिल्म रोलवर चौकोनी फोटो बाराच निघत, ती सवय मला मुलांना लावायची होती. पुढे नामवंत छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ याच शहरात बांधकाम खात्यात नोकरी करत होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघे. एकेक प्लेट खर्ची घालण्याआधी तो माणूस समोर किती वेळ बघत असेल!

सकाळी साडेसहाला राजवाड्यासमोर गेलो. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. एका मुलाने १२ पैकी ९ फोटो दरवाजावरच्या लोखंडी खिळ्यांचे काढले. त्याचे बाबा म्हणाले, "अहो, यात वाडा कुठे आलाय?" दादा, तुमचा मुलगा जेमतेम चार फुटांचा. त्याच्या डोळ्यांसमोर जे होतं ते त्याने काढलं. वाडा आपल्याला दिसतो, कारण त्याची चित्रं आपण आधीच पाहिलेली असतात.

माणसांचे फोटो विचारून काढायचे, हा नियम मी पहिल्यापासून ठेवला. एका फुलवाल्या मावशींनी "नहीं बेटा" म्हटलं आणि पाच मुलांनी मुकाट्याने मोबाइल खाली केले. आठवडाभरात मला सगळ्यात जास्त आनंद त्या क्षणी झाला.

आता शेवटच्या दिवसाचा एक फोटो. मे महिना, भर दुपार. या उन्हात चेहऱ्याचा फोटो काढू नका, डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो, असं मीच सांगितलं होतं. एक मुलगी तरीही गच्चीवर गेली. आजी पांढऱ्या धोतरावर कुरडया घालत होती, पदर कपाळावर ओढून. ऊन धोतरावर पडून खालून आजीच्या चेहऱ्यावर आलं होतं. हनुवटी, गाल, चष्म्याची कड, सगळं मऊ उजळलेलं. स्टुडिओत यासाठी आम्ही पांढरा थर्माकोल धरतो. मी विचारलं, "तुला कसं सुचलं गं?" ती म्हणाली, "काका, मी खाली बसले ना, तेव्हा दिसलं."

इथे लावलेल्या फोटोंत डावीकडून तिसरा तो. सोऱ्या धरलेला हात अर्धा कापला गेलाय. प्रिंट काढताना मी तो तसाच ठेवलाय.