बहमनी राज्य फुटलंच नसतं तर?

(दृश्य : बिदर. मदरशाचा उरलेला मिनार, कॅमेरा अगदी जवळ.)

निळे, पिवळे, पांढरे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. जिथे ते निखळले, तिथे आतली वीट दिसते. महमूद गावान या बहमनी वजिराने 1472 मध्ये हा मदरसा बांधला. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा साठवला गेला, 1696 मध्ये स्फोट झाला आणि अर्धी इमारत गेली.

गावान इराणातल्या गिलानचा, व्यापारी म्हणून दख्खनेत आलेला. त्याच्या हयातीत बहमनी राज्य गोव्यापासून राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पसरलं होतं. वऱ्हाडात आणि जुन्नरला मराठी, गुलबर्ग्याला कन्नड, वरंगळला तेलुगू, दरबारात फारसी, बाजारात दख्खनी. एवढ्या भाषा एका छत्राखाली होत्या, पण राज्य मोडलं ते त्यांच्यापायी नव्हे. भांडण होतं दरबारी सरदारांचं : एकीकडे इराण-तुराणातून आलेले आफाकी, दुसरीकडे इथेच मुरलेले दख्खनी आणि हबशी.

(दृश्य : जुन्नर, शिवनेरीचा पायथा.)

सरदारांची मिजास किती, ते इथे कळतं. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच काळात चौलला उतरून जुन्नरला आला. बरोबर विकायला आणलेला एकच घोडा. इथल्या असदखानाने तो ओढून नेला आणि धर्म बदललास तरच परत देतो, म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली, तेव्हा कुठे घोडा सुटला. सुलतान लांब बिदरला. इथे खान म्हणेल ती पूर्वदिशा.

गावानने नेमकं यावरच बोट ठेवलं. चार मोठ्या तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, त्याने आठ केले. दौलताबादेतून जुन्नर वेगळं काढलं, वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग पाडले. तरफदाराच्या हाती किल्ला एकच, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार. सरदारांना हे झोंबणारच.

मग कट शिजला. गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं आणि कागद सुलतानापुढे ठेवला. तिसरा मुहम्मदशाह नशेत होता. शिक्का आपला आहे, पण पत्राचं आपल्याला काही ठाऊक नाही, असं गावानने सांगितल्याचं इतिहासकार फरिश्ता लिहितो. चौकशी झालीच नाही. एप्रिल 1481 मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. वर्षभरात सुलतानही गेला आणि गादीवर पोर बसलं.

आता समजा, त्या दिवशी सुलतान शुद्धीवर होता.

गावान आणखी फार वर्षं जगला नसताच. त्यामुळे तो वाचला असता का, यापेक्षा त्याची किल्ल्यांची व्यवस्था टिकली असती का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. कटातला मोठा मोहरा होता मलिक हसन. त्याचं मूळ घराणं पाथरीच्या ब्राह्मणांचं, असं सांगतात. त्याच्याच मुलाने, मलिक अहमदने, जुन्नरच्या बळावर 1490 मध्ये निजामशाही उभी केली. आसपासचे किल्ले बिदरच्या माणसांकडे पक्के राहिले असते, तर हे त्याला जमणं अवघड होतं. विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा इथे फुटून निघालेल्या शाह्यांचंही तेच.

एकसंध राज्य असतं तर 1510 मध्ये गोवा घ्यायला आलेल्या पोर्तुगीजांसमोर एकटी आदिलशाही नव्हे, अख्खं दख्खन उभं राहिलं असतं. विजयनगरच्या रामरायाला एका शाहीला दुसरीविरुद्ध खेळवता आलं नसतं. मोगलांनाही 1596 मध्ये वऱ्हाड, 1636 मध्ये निजामशाही, 1686 मध्ये विजापूर, 1687 मध्ये गोवळकोंडा असा एकेक घास घेता आला नसता.

भाषांचं काय झालं असतं? बहुधा जे झालं तेच. 1534 मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहने हिशेबाचे दप्तर फारसीतून देशी भाषेत आणलं, कारण लिहिणारे हात इथल्या ब्राह्मण कारकुनांचे होते. बिदरच्या वजिरालाही वसूल त्याच हातांनी मोजून घ्यावा लागला असता.

(दृश्य : वेरूळ, मालोजीराजांची गढी.)

मराठी माणसाला अडचणीचं उत्तर मात्र पुढे आहे. शहाजीराजे निजामशाहीत होते, मोगलांकडे गेले, परत आले, शेवटी आदिलशाहीत गेले. एका दरबारात बिनसलं की दुसरा दरबार तयार, म्हणूनच मराठा सरदारांचं वजन वाढत गेलं. अखंड बहमनी राज्यात त्यांना धनी एकच, आणि शिवनेरीपासून विशाळगडापर्यंत किल्लेदार त्या धन्याने नेमलेले. शाह्यांच्या सांदीत जी जागा स्वराज्याला सापडली, ती तिथे सापडली नसती, असं मला वाटतं.