रडीचा डाव

(दृश्य: शांघायच्या स्पर्धेचं प्रक्षेपण. खेळाडूंची रांग. मूळ आवाज पाच सेकंद, मग निवेदन.)

१९ ऑक्टोबर २०१८. शांघाय. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या कॉम्प्युटर खेळाची आशियाई स्पर्धा. एका बाजूला भारताचा संघ, ऑप्टिक इंडिया. समोर व्हिएतनामचा रेव्होल्युशन.

पडद्यावरचा खेळ सोडा, खुर्च्यांकडे बघा. एका खुर्चीमागे पंच येऊन उभा राहिला आहे. तो खेळाडूला बाजूला व्हायला सांगतोय. खेळाडूचा हात पुन्हा माउसकडे जातो. पंच तो हात अडवतो.

(दृश्य तिथेच थांबवलेलं.)

त्या कॉम्प्युटरवर जी फाइल सापडली तिचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. अर्ज टाइप करायचं सॉफ्टवेअर वाटावं असं नाव. काम मात्र नेम धरून द्यायचं.

संघ स्पर्धेतून बाद झाला आणि अमेरिकी मालकांनी भारतातला संघच बंद केला. उरलेल्या चौघांची नोकरी गेली.

फाइल लावणाऱ्या मुलाचं नाव त्या आठवड्यात जगभर फिरलं. या फिल्ममध्ये आम्ही ते घेणार नाही. का, ते पुढे येईल.

(दृश्य: पुणे. सदाशिव पेठेतलं गेमिंग कॅफे, रात्री अकरा. हेडफोन लावलेली मुलं. कुणीतरी ओरडतं, “हॅकर आहे रे हा, रिपोर्ट मार!”)

याला आपल्याकडे जुना शब्द आहे. रडी.

गल्लीत रडी खेळणाऱ्याचा न्याय तिथल्या तिथे व्हायचा. विटी कुठे पडली, दांडूने किती मोजलं, दहा जणांनी पाहिलेलं असायचं. आरडाओरडा व्हायचा, डाव पुन्हा मांडला जायचा. फारच झालं तर त्याला दोन दिवस खेळात घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो परत यायचा, कारण त्याच्याशिवाय गडी कमी पडायचे.

इथे, या खोलीत, समोरचा गडी दिसत नाही. तो नागपूरला असेल, नाहीतर दुबईत. त्याने भिंतीआडून मारलं ते नशीब होतं, सराव होता की हॅक, हे मारल्या गेलेल्या मुलाला कळायला मार्ग नाही. म्हणून तो रिपोर्ट मारतो. आणि मग कुठल्या तरी कंपनीला ठरवावं लागतं की हा रडी खेळला का, आणि खेळला असेल तर त्याचं काय करायचं.

(दृश्य: शेजारी ठेवलेले दोन पडदे. डावीकडे साधा खेळ. उजवीकडे भिंतीआडच्या आकृत्या लाल रंगात.)

हे उजवीकडचं चित्र म्हणजे वॉलहॅक. आम्ही ते इंटरनेट काढलेल्या कॉम्प्युटरवर, फक्त बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू, समोर ठेवून, चित्रित केलं. कुणाही खऱ्या खेळाडूचा डाव त्यासाठी खराब केलेला नाही.

भिंतीपलीकडचं दिसतं कसं? खेळ खरा चालतो तो सर्व्हरवर. पुण्यातल्या या मुलाचा कॉम्प्युटर फक्त चित्र काढतो. शत्रू कोपऱ्यावरून डोकावला की त्याच क्षणी दिसायला हवा, पण सर्व्हरकडून माहिती यायला वेळ लागतो. थोडाच, मिलिसेकंदांचा, पण या खेळात तेवढ्यात माणूस मरतो. म्हणून सर्व्हर शत्रूची जागा आधीच पाठवून ठेवतो. चित्र काढलेलं नसतं, पण माहिती कॉम्प्युटरच्या मेमरीत येऊन पडलेली असते. वॉलहॅक ती उचलतो आणि रंगवतो. फुटलेला पेपर वर्गात बसून वाचावा तसं.

एमबॉट आणखी पुढे जातो. तो माउसचा ताबा घेतो.

(दृश्य: नेम धरायची निशाणी शत्रूच्या डोक्यावर झटकन सरकते. तेच दृश्य संथ गतीने. पुन्हा एकदा.)

हे बघा. माणसाचा हात निशाण्याच्या थोडा पुढे जातो आणि मागे येतो. इथे निशाणी सुटली ती थेट डोक्यावर थांबली. मधे चूकच नाही. आता पुढचा तुकडा पाहा. हा आमच्याच कॅफेतल्या, बारा वर्षं खेळणाऱ्या एका मुलाचा आहे. हॅक नाही, फक्त हात. वेगात दोन्ही सारखेच दिसतात. मघाशी “हॅकर आहे” असं ज्याला म्हटलं गेलं, तो हाच.

रायट या कंपनीने २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ आणताना वॉलहॅकवर वेगळा इलाज केला. शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा पाठवतच नाही. मेमरीत काही नसेल तर हॅक वाचणार काय? कुणावर संशय न घेता, कुणाचं खातं बंद न करता वॉलहॅकची बरीच हवा यातून निघते. या फिल्मसाठी जेवढं पाहिलं, त्यात हा उपाय आम्हाला सगळ्यात जास्त पटला. त्याच खेळासोबत येणारा पहारेकरी, व्हॅनगार्ड, मात्र कॉम्प्युटर चालू झाल्यापासून थेट विंडोजच्या गाभ्यात जागा असतो, तुम्ही खेळत असा वा नसा. घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि त्यावर बाबांचं बँकेचं कामही चालत असेल, तर हा प्रश्न लहान नाही.

(दृश्य: ‘डोटा २’चा नकाशा, वरून.)

फेब्रुवारी २०२३. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वॉल्व्ह या कंपनीने ‘डोटा २’ या आपल्या दुसऱ्या खेळात सापळा लावला. आधी त्यांनी हॅक कुठून माहिती चोरतो ते शोधलं. मग एका अपडेटमध्ये माहितीचा एक गुप्त कप्पा ठेवून दिला. नुसता खेळ खेळलात तर तो कप्पा कधीच वाचला जात नाही. तिथे पोचतो तो खेळाचं पोट चाचपणारा हॅकच. ज्या खात्यांवरून कप्पा उघडला गेला, त्यांची नोंद होत राहिली, आणि एके दिवशी ४० हजारांहून जास्त खाती बंद झाली. नंतर कंपनीने ही युक्ती स्वतःच जाहीर केली. कशावरून पकडलं हे सांगितलं, म्हणून ती शिक्षा आम्हाला योग्य वाटते.

बहुतेक वेळा असं सांगत नाहीत. पुरावा उघड केला तर हॅक विकणारे दुसऱ्या दिवशी नवीन हॅक बनवतील, ही कंपन्यांची अडचण. ती खरी आहे. त्यामुळे बंदीही उशिरा आणि घोळक्याने येते, म्हणजे कोणत्या दिवशीच्या कोणत्या चुकीने सापडलो हे कुणाला कळू नये. दक्षिण कोरियात २०१७ पासून हॅक बनवून वाटणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाकी बहुतेक ठिकाणी मार खातो तो विकत घेणारा पोरगा.

(दृश्य: पडद्यावर फक्त आकडे. २४ तास. १ वर्ष. ५ वर्षं. कायमची.)

हे चार आकडे वॉल्व्हच्या ‘व्हॅक’ या पहारेकऱ्याचे आहेत. तो २००२ मध्ये आला तेव्हा पकडलेल्या खेळाडूला २४ तास बाहेर ठेवायचे. गल्लीतल्यासारखंच. मग १ वर्ष झालं, मग ५ वर्षं. २००५ पासून बंदी कायमची झाली. त्यावर चर्चा नाही, सवलत नाही, असं कंपनी लिहून सांगते. आणि ही बंदी खेळाडूच्या प्रोफाइलवर सगळ्या जगाला दिसते.

आता २०१० चा जुलै. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ खेळणाऱ्या सुमारे १२ हजार जणांवर दोन आठवड्यांत व्हॅकची बंदी आली. त्यांनी काही केलेलं नव्हतं. स्टीमने, म्हणजे वॉल्व्हच्या खेळ विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, खेळाची एक फाइल डिस्कवर बदलली, पण कॉम्प्युटरच्या मेमरीत आधीची फाइल चालूच होती. दोन्ही जुळेनात. पहारेकऱ्याने ठरवलं की खेळाडूनेच छेडछाड केली. वॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली, बंदी उठवली आणि प्रत्येकाला ‘लेफ्ट फॉर डेड २’ हा खेळ फुकट दिला, एक स्वतःला आणि एक मित्राला. भरपाई चांगली होती. पण हे १२ हजार एकदम सापडले म्हणून चूक दिसली. एकटाच कुणी सापडला असता तर “मी काही केलं नाही” या त्याच्या वाक्यावर विश्वास ठेवणारं कोण होतं? ते वाक्य तर प्रत्येक हॅकर म्हणतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डातली, उशीर कमी करणारी अँटी-लॅग प्लस ही सोय चालू ठेवली म्हणून ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या खेळाडूंवर बंदी आली. एएमडीने तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मागे घेतला, वॉल्व्हने बंदी उठवली.

(दृश्य: जुनं रेकॉर्डिंग. पडद्यावर एका खेळाडूच्या नजरेतून चाललेला सामना. नावं पुसलेली.)

या फिल्मची सुरुवात आमच्यासाठी या रेकॉर्डिंगपासून झाली.

२०१३ मध्ये वॉल्व्हने काउंटर-स्ट्राइकमध्ये ‘ओव्हरवॉच’ नावाची सोय आणली. ज्याच्यावर पुष्कळ रिपोर्ट पडलेत अशा खेळाडूच्या सामन्यातले आठेक राउंड अनुभवी खेळाडूंना दाखवायचे. खेळाडूंनीच खेळाडूचा निवाडा करायचा. पाहणाऱ्याला आरोपीचं नाव दिसायचं नाही. ‘संशयित’ एवढंच. बाकी नऊ जणांचीही नावं बदललेली. त्यांचं एकमेकांशी बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे आरोपी शिव्या देणारा आहे की गुणी, मराठी बोलतो की रशियन, हे कळायचंच नाही. दिसायचा तो फक्त खेळ.

शेवटी प्रश्न यायचा. नेमासाठी बाहेरची मदत होती का? भिंतीआड बघण्यासाठी होती का? उत्तरं दोनच. पुरावा अपुरा. किंवा, रास्त शंकेला जागा न ठेवता सिद्ध. दुसरं वाक्य कोर्टातून घेतलेलं आहे आणि मुद्दाम घेतलेलं आहे. एकाच्या मतावर बंदी यायची नाही. अनेकांची मतं जुळावी लागायची, आणि ज्यांचे आधीचे निवाडे बरोबर ठरलेत त्यांच्या मताला वजन जास्त.

(दृश्य: कॅफेतला तरुण, रेकॉर्डिंग मागे-पुढे करताना. त्याचा हात, की-बोर्ड, वहीत लिहिलेले राउंडचे आकडे.)

हा तरुण आता शहरातल्या छोट्या स्पर्धांचा पंच आहे. तेव्हा तो ओव्हरवॉचवर बसायचा. पैसे मिळत नव्हते. बघा, तो मारण्याचे क्षण पाहतच नाही. तो त्याच्या आधीचे दहा सेकंद पाहतो. नजर रिकाम्या भिंतीवर का फिरली? मोकळ्या कोपऱ्याकडे हा न बघताच का गेला? नेम हाताने येतो, पण न ऐकलेल्या पावलांकडे वळण्याचं कारण कुठून आणणार?

आणि बहुतेक वेळा कारण सापडायचं. पाऊल ऐकू आलेलं असायचं, मित्राने सांगितलेलं असायचं.

वॉल्व्हचे जॉन मॅकडॉनल्ड यांनी २०१८ मध्ये जाहीर भाषणात आकडे दिले. खेळाडूंच्या रिपोर्टवरून आलेल्या प्रकरणांपैकी १५ ते ३० टक्क्यांतच निवाडा ‘सिद्ध’ असा लागायचा. चिडलेल्या माणसाचा अंदाज बहुतेकदा चुकतो, हे मोजूनच झालं. मग त्यांनी ‘व्हॅकनेट’ ही यंत्रणा तयार केली. तीही नेमाच्या हालचाली पाहून संशयित निवडायची. तिने पाठवलेल्या प्रकरणांत ८० ते ९५ टक्के दोषी निघायचे. पण त्या वेळी यंत्राला शिक्षा करायचा अधिकार दिलेला नव्हता. निवाडा माणसंच करायची.

ही रचना पुढे तशी राहिली नाही. ती टिकायला हवी होती, असं आम्हाला मनापासून वाटतं. यंत्राने बोट दाखवावं, आणि नाव न कळता माणसांनी बघून ठरवावं.

(दृश्य: तपकीर गल्ली, बुधवार पेठ. जुन्या मोबाइलचं दुकान. काचेखाली ओळीने फोन.)

आपल्याकडे खेळ बहुतांशी यावर चालतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळाची कंपनी क्राफ्टन हिने २०२१ च्या डिसेंबरपासून हॅक लावणाऱ्याच्या फोनवरच बंदी घालायला सुरुवात केली. कारण समजण्यासारखं आहे. खेळ फुकट, खातं फुकट, एक आयडी बॅन झाला की दुसरा काढायला दोन मिनिटं.

पण या काचेखाली बघा. फोन दोन-दोन मालक बदलून इथे येतो. घरी एकच फोन आणि खेळणारे दोघं भाऊ. शिक्षा फोनला झाली तर ती नेमकी कुणाला झाली? आयडीवर बंदी हवी, पुन्हा केलं तर मोठी हवी, पैसे लावलेल्या स्पर्धेत केलं तर वर्षानुवर्षांची हवी. फोन मात्र सोडा.

(दृश्य: शांघायचं तेच थांबवलेलं चित्र.)

फिनलंडमधला एक तरुण खेळाडू लहानपणीच्या खात्यावरच्या व्हॅक बंदीमुळे मोठ्या स्पर्धांना मुकला होता. तो कोर्टात गेला. दावा फेटाळला गेला. पण एप्रिल २०२१ मध्ये वॉल्व्हने नियम बदलला. बंदीला ५ वर्षं होऊन गेली असतील, तर खेळाडूला वॉल्व्हच्या स्पर्धांत उतरता येतं. कायमची म्हटलेल्या शिक्षेला सोळा वर्षांनी कुठेतरी शेवट आला.

शांघायच्या त्या मुलालाही स्पर्धांची सचोटी पाहणाऱ्या आयोगाने ५ वर्षांची बंदी दिली होती. २०१८ पासून मोजा. ती भोगून संपली. म्हणून नाव नाही.

(दृश्य: कॅफे, रात्री एक. “रिपोर्ट मार” म्हणणारा मुलगा आता पंचाशेजारी बसलाय. ज्याला तो हॅकर म्हणाला, तोही खुर्ची ओढतो.)

पंचाने सामन्याचं रेकॉर्डिंग उघडलं आहे. नावं झाकली आहेत. पहिला राउंड लावला आहे. आठ बघायचे आहेत.

(निवेदन इथे थांबतं. मूळ आवाज.)