लश्करचा सराफा

सकाळचे साडेसहा. सराफ्यातली सगळी दुकानं अजून बंद आहेत. एक माणूस मात्र पायऱ्यांच्या सांदीतून, गटाराच्या कडेनं बारीक ब्रशनं धूळ ओढतोय. आपल्या मराठीत याला झारेकरी म्हणतात, इथे ग्वाल्हेरला न्यारिया. काल दिवसभर कानशीखालून उडालेला सोन्याचांदीचा कीस या धुळीत आहे.

धूळ घमेल्यात घ्यायची, पाणी घालून गोल गोल हेलकावायची. माती पाण्याबरोबर निघून जाते, जड कण तळाशी बसतात. लोहचुंबक फिरवून लोखंड काढायचं. उरलेल्या काळ्या गाळात पारा घोळवला की सोनं त्याला चिकटतं. मग आच देऊन पारा उडवायचा. खाली राहतो तो मुगाच्या डाळीएवढा पिवळा मणी. पाऱ्याचा धूर छातीत जातो, हे त्यालाही माहीत आहे.

आता ऊन वरच्या मजल्यांवर आलंय. थोडं थांबून बघा.

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तळ उठलाच नाही, त्याचंच हे लश्कर शहर झालं. सरदार जिथे उतरले ती जागा त्यांचा गोट, म्हणजे छावणी. शितोळे साहेबांची ‘गोठ’ आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेतो. फौज आली तशी तिला पैसा पुरवणारे सराफ आले, आणि महाराज बाड्याच्या चौकापासून ‘गश्त का ताजिया’ नावाच्या भागाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर त्यांनी हवेल्या उठवल्या. खाली पेढी, वर घर. दगड इथलाच, ग्वाल्हेरचा वालुकाश्म. छिन्नीला तो लाकडासारखा वळतो, म्हणून तर सज्जाखालच्या दगडी टेकूंवर ही वेलबुट्टी, आणि झरोक्यांना ही जाळी. आतल्या बाईला रस्ता दिसावा, रस्त्याला ती दिसू नये. एका जाळीतली नक्षी शेजारच्या जाळीत नाही. इतकं काम एका बाजारपेठेच्या रस्त्यावर मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच सराफ्यातल्या कडुलिंबाला जून 1858 मध्ये अमरचंद बांठियांना फाशी दिलं. ते शिंदे सरकारचे खजिनदार. राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या फौजेचे पगार थकले होते. बांठियांनी गंगाजळी खजिना त्यांच्यासाठी उघडला.

अकरा वाजता गाद्यांवर पांढऱ्या चादरी पसरल्या जातात. या आजी जनकगंजहून आल्यात, आईची ठुशी गाठवून घ्यायला. सराफ मारवाडी, बोलणं हिंदीत, पण ‘ठुशी’, ‘पाटल्या’, ‘तन्मणी’ हे शब्द त्यांच्या तोंडी घरच्यासारखे. “बाई साहब, धागा नहीं, रेशम लगेगा,” ते म्हणतात. आजी मान हलवतात आणि मणी स्वतः मोजून देतात.

काही हवेल्यांचे दर्शनी दगड उतरून तिथे काच लागली आहे. बऱ्याच ठिकाणी दगड शाबूत आहे, पण पाट्यांच्या आणि तारांच्या मागे.

या दुकानाची पाटी परवा रंगवायला खाली काढली. मागे दगडी मोरांची जोडी निघाली, एकाची चोच तुटलेली. दुकानाचे मालक रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी कारागिराला पाटी दोन हात खाली बसवायला सांगितली.