डोकेदुखी कोणत्या काट्यावर मोजायची?

(आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वेचणीचे दिवस आहेत, तरी एवढी मंडळी आलात. पुढे बसलेल्या काही जणी काट्यावर कापूस घालून सरळ इथंच आल्या असाव्यात, पदराला बोंडाची कचर अजून तशीच आहे. तेव्हा काट्यापासूनच सुरू करतो.

अर्धशिशी काय असते हे तुम्हाला सांगायला नको. डोकं उठलं की चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत ठणका, मळमळ, आणि उजेड-आवाज सोसवत नाही. दुखायला लागल्यावर घ्यायची गोळी वेगळी आणि दुखूच नये म्हणून रोज घ्यायचं औषध वेगळं. हे रोजचं औषध लागू पडतं का, हे तपासायला बसलं की पहिलाच पेच पडतो: लागू पडलं म्हणजे काय झालं? मोजायचं काय?

माझीच फजिती सांगतो. मायडस नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या तीन महिन्यांबद्दल पाच प्रश्न: किती दिवस काम बुडालं, किती दिवस काम निम्म्यावर आलं, घरकामाचे असेच दोन, आणि कार्यक्रम-समारंभ किती दिवस चुकले. दिवसांची बेरीज करायची. पाचपर्यंत आली तर त्रास नाहीच्या जवळपास, एकवीस किंवा त्यापुढे गेली तर तीव्र. एका बाईला मी विचारलं, किती दिवस मजुरी पाडली? ती म्हणाली, "काम पाडून भागन का डॉक्टर? दुखे त दुखे, तशीच जातो." मी शून्य लिहिलं. पुढे 'तुमची उत्पादकता निम्म्याहून कमी' असं काहीतरी पुस्तकी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, मी पुन्हा शून्य लिहिलं. कागदावर बाई ठणठणीत!

पुढच्या आठवड्यात तीच बाई धुऱ्यावर काट्यापाशी दिसली. कपाळाला पट्टी करकचून बांधलेली. गठोडं काट्याला लावत म्हणाली, "एरवी चाळीस किलो भरते माह्यं, आज वीसबी नाही भरत." मजुरी किलोवर. म्हणजे मी जो प्रश्न विचारून हरलो होतो त्याचं उत्तर तिच्याकडे किलो-ग्रॅममध्ये होतं. दोष प्रश्नावलीचा थोडा आणि माझ्या मराठीचा जास्त.

पण मराठी सुधारली तरी एक अडचण राहतेच. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि शेतात काम नसतं. जिथं कामच नाही तिथं बुडणार काय? दिवाळीला औषध सुरू करा आणि एप्रिलमध्ये बुडालेले दिवस मोजा, कोणतंही औषध रामबाण ठरेल. दंडाला बांधलेला गंडासुद्धा.

म्हणून संशोधक बहुधा दुखण्याचे दिवस मोजतात. औषधाआधीचे अठ्ठावीस दिवस नोंद ठेवायची, मग औषध दिल्यावर दर अठ्ठावीस दिवसांना किती दिवस कमी झाले ते पाहायचं. महिना न धरता अठ्ठावीसच का? पूर्ण चार आठवडे येतात म्हणून. आपल्या भाषेत, चारच बाजार. बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, झोप मिळते, खाणं बदलतं. एका महिन्यात चार बाजार आणि दुसऱ्यात पाच आले की तुलना लंगडी पडते. नोंदीला महागडं ॲप नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशोब तुम्ही ठेवताच, त्याच चौकोनात एक फुली. आठवणीवर मात्र भिस्त नको. मागचा महिना विचारला की 'सारखंच दुखते' एवढंच उत्तर येतं.

आता या फुल्यांचं वजन किती? 2017 साली, दुखू नये म्हणून द्यायच्या एरेनुमॅब या इंजेक्शनची 955 जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सुरुवातीला महिन्याला सरासरी आठ-सव्वाआठ दिवस अर्धशिशीचे. मोठ्या डोसवाल्यांचे 3.7 दिवस कमी झाले, आणि औषधच नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांचेही 1.8 कमी झाले. औषधाच्या पदरात पडतो तो फक्त मधला फरक, दोन दिवसांना जरा कमी. वाचायला किरकोळ वाटतं. पण तीच माणसं दुसऱ्या काट्यावर घाला आणि विचारा, किती जणांचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले? औषधात 50 टक्के, नुसत्या सुईत जवळपास 27. एकच चाचणी, दोन काटे, आणि छाप पडते ती वेगवेगळी.

त्याच वर्षी मुलांवरची एक चाचणी आली. ॲमिट्रिप्टिलिन या रोजच्या गोळीनं 52 टक्के मुलांचे दिवस निम्मे झाले, टोपिरामेट या दुसऱ्या गोळीनं 55 टक्के, आणि रिकाम्या गोळीनं 61. तुलनेला कोणी नसतं तर दोन्ही औषधांचे पोवाडे गायले असते.

टोपिरामेटचं नाव निघालं म्हणून आणखी एक. या औषधानं काहींचा घाम कमी होतो, अंग तापतं. थंड देशातल्या चाचणीत ही दुष्परिणामांच्या तक्त्यातली तळाची ओळ असेल. वैशाखात भर उन्हात फिरणाऱ्या पोराच्या बाबतीत ती मला पहिल्या पानावर हवी. ॲमिट्रिप्टिलिनची झोपही तशीच. पहाटे चारला उठून भाकरी थापायची असते तिला डोळे उघडता येतात का, हे विचारायला हवं.

2021 मध्ये रुग्ण आणि संशोधकांनी मिळून, अशा प्रत्येक चाचणीत निदान दुखणं आणि जगण्याचा दर्जा या दोन गोष्टी मोजाव्यात असं ठरवलं. दुखणं फुल्यांत येतं. जगण्याचा दर्जा कसा यायचा?

त्या वेचणीवाल्या बाईकडे पुन्हा जातो. तिनं ऑटोनं परगावी जाणारी टोळी सोडली होती. मजुरी तिकडे जास्त, पण ऑटो संध्याकाळशिवाय परतत नाही. दुपारी डोकं उठलं तर लिंबाखाली पडून राहायचं, ओकायचं, वर टोळीच्या नजरा सोसायच्या. डोकं न दुखणाऱ्या दिवशीही ती गावातच कमी पैशात राबायची. तो दिवस फुलीत येत नाही, आणि बुडालेल्या दिवसांतही नाही.

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ती कॅलेंडर घेऊन आली. फुल्या नऊच्या सहा झाल्या होत्या. निम्म्या नाहीत, म्हणजे हिशोबानं औषध नापास. मी तसं तोंड केलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "पण ऑटोत बसून राह्यलो ना आता." तेव्हापासून आमच्या कॅलेंडरवर फुलीशेजारी एक गोल असतो: डोकं उठेल या धास्तीनं आज कुठं जायचं टाळलं का?